तुतीवरचे जाळे

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले. ऱ्हस्व-दीर्घाचे मला तेव्हाही नीट कळत नसे, आणि पुढे वाण्याची यादी व माहेरची चार पत्रे यांपलीकडे हाताला टाकाची सवय राहिली नाही. माझी ओळ डावीकडून बरी निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत उतरणीला लागते. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलेच, तर चुका पोटात घालाव्या आणि अर्थ तेवढा घ्यावा.

मी पहिल्यापासून भिडस्त. घरी परका पुरुष आला की मी माजघराच्या दाराआड. बायका आल्या तरी बोलणार सासूबाई आणि पाट-पाणी करणार मी. अशा माझ्या हातून एकदाच एक हट्ट झाला, तोही एका झाडापायी.

सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट असेल. हे रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होते. घरात सासूबाई, हे आणि मी. मूलबाळ अजून झाले नव्हते. घर लहान, पण मागे परसू मोठे. त्यात विहीर, पाच-सहा माड, थोड्या पोफळी आणि उरलेला सगळा कातळ. कातळाच्या खळग्यात जिथे हातभर माती साठली असेल तिथे मी भाजी लावायची.

एका पावसाळ्यात मला पडवळाच्या वेलाला आधार हवा होता. भाट्याहून तरीने खाडी ओलांडून एक भाजीवाली आमच्याकडे येई. तिला मी काठ्या आणायला सांगितल्या. तिने साहेबाच्या बंगल्याच्या माळ्याने छाटून टाकलेल्या फांद्यांची मोळीच आणून दिली. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे मी त्या रोवल्या. पडवळ सडून गेला आणि एका काठीला पाने फुटली.

सासूबाई म्हणाल्या, "बघा हो हिची शेती! पीक गेलं आणि मांडव उगवला."

पान मोठे, खरखरीत, कडेला करवतीसारखे. कुणी ओळखीना. शेवटी यांनी एक पान कचेरीत नेले, तेव्हा घाटावरचे एक गृहस्थ म्हणाले, ही तुती. हिला काळी फळे येतात, गोड असतात.

तेव्हापासून मी त्या काळ्या फळांची वाट पाहू लागले. शेण घातले, चुलीतली राख घातली, जांभ्याचे चिरे रचून आळे केले. झाड माझ्या डोक्याच्या वर गेले, पण तीन वर्षे नुसता पाला. चौथ्या वर्षी पौषात गवत संपले आणि सासूबाईंनी गड्याकडून सगळ्या फांद्या तोडवून, पान न् पान ओरबाडून गाईपुढे टाकले. मी गोठ्यामागे जाऊन रडले.

"रडतेस कशाला? नुसती सावली देणारं झाड परसात नको. सावलीला माड आहेत," सासूबाई म्हणाल्या.

महिन्याभरात त्या बोडक्या खुंटांतून नवे कोंब आले आणि प्रत्येक कोंबावर, पानाच्या बगलेत, केसाळ हिरवी बोंडे. ओरबाडल्याशिवाय ते झाड फळत नाही, हे आम्हां दोघींना असे कळले. मी रडणे विसरले आणि त्यांनी आपण फार विचाराने केले असे सांगायला सुरुवात केली.

शिमगा झाल्यावर बोंडे लाल झाली. मी एक तोडून खाल्ले आणि दात आंबले. दुसरे खाल्ले नाही. चार दिवसांनी विहिरीवर पाणी शेंदताना पायाशी एक पडलेले दिसले, काळेभोर. उचलले तर बोटांतच फुटले. धुऊन जिभेवर ठेवले. आधी नुसता गोड रस, मग मागून बारीक आंबटपणा येतो आणि गोडाची मिठी बसू देत नाही. करवंदाचा चीक नाही, जांभळाचा तुरटपणा नाही. बी आहे की नाही ते कळतसुद्धा नाही. मी घागर तशीच ठेवून झाडाखाली उभी राहिले आणि हाताला लागतील तेवढी खाल्ली. तोंड, बोटे, पदराचे टोक, सगळे जांभळे झाले.

दुसऱ्या दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. कच्ची हिरवी तुती चुरडून चोळली की पिकल्या तुतीचा डाग जातो. पदर मी तसाच स्वच्छ केला.

पण फळे मला एकटीला दिसली नव्हती. बुलबुल, साळुंक्या, कोकिळा, सगळी आळी पहाटेपासून झाडावर. आणि पाखरे जे खातात ते थोड्या वेळाने कुठेतरी टाकतात.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा. पलीकडे भटजी राहत. लग्नामुंजींचे दिवस होते. भटजींच्या पत्नीने, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, भटजींचा सोवळ्यात नेसायचा रेशमी मुकटा धुऊन अंगणातल्या उंच वलणीवर वाळत टाकला होता. भटजी दुसऱ्या दिवशी संगमेश्वराकडे एका मुंजीला निघायचे होते. सकाळी काकू काठीने मुकटा उतरवायला गेल्या, तर त्यावर जांभळी नक्षी.

गडग्यावरून हाक आली. "वहिनी! बाहेर या जरा. तुमच्या सुनेच्या झाडाने काय केलंन ते बघा!"

सासूबाई गेल्या. मी मागे. मुकटा काठीच्या टोकावर लोंबत होता.

"आता हे नेसून मुंज लावायची? लोक विचारतील, भटजी, रंगपंचमी कुठे खेळून आलात?"

मी हळूच म्हटले, "काकू, कच्च्या तुतीने डाग निघतो. मी बघू का?"

"तू हात लाव माझ्या सोवळ्याला! उरलंसुरलं तेही घालव."

तेवढ्यात हे बाहेर आले. यांना विनोद करण्याची वेळ कधीच कळत नसे. म्हणाले, "काकू, रेशमाचा किडा तुतीच्याच पाल्यावर वाढतो. तुमचा मुकटा माहेराला भेटला म्हणायचं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नवा मुकटा. तेव्हा त्याला नऊ रुपये पडत. दोन, ते झाड त्याच दिवशी तोडायचे.

संध्याकाळी घरात बसून आमचा विचार झाला. म्हणजे हे आणि सासूबाई बोलत होत्या आणि मी चुलीपाशी होते. नऊ रुपये यांच्याजवळ महिनाअखेरीला कुठून असणार? हे म्हणाले, "पैसे कुठूनही आणू. झाड उद्या सकाळी तोडतो, म्हणजे मिटलं."

मी पळी खाली ठेवली आणि माजघरात येऊन म्हटले, "झाड तोडायचं नाही. पैसे मी देईन."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. सासूबाईंपुढे यांच्याशी मी कधी बोलत नसे, तेही विसरले.

"कुठून देशील?" सासूबाईंनी विचारले.

"झाडातून."

सासूबाई मग म्हणाल्या, "आण बघू चार फळं. चव तरी कळू दे कशावर एवढं चाललंय." मी वाटीत घेऊन आले. त्यांनी एक खाल्ले, दुसरे खाल्ले, वाटी संपवली, बोटे पुसली आणि आपली ट्रंक उघडली.

त्यांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीला नवस बोलला होता. यांना दोन वर्षांपूर्वी विषमज्वर झाला होता, त्यातून हे उठले, म्हणून सहस्रावर्तने आणि ब्राह्मणभोजन. त्यासाठी दाणा दाणा करून पैसे साठवले होते. त्यातले नऊ रुपये त्यांनी मोजून काढले.

"हे आत्ता पलीकडे देते. पण हे देवाचे आहेत हो. पुढचे दोन उन्हाळे देते तुला. दुसऱ्या उन्हाळ्यात मिरगाच्या आत पुरे आले नाहीत, तर कोयती मी स्वतः चालवीन. आणि पलीकडे पुन्हा एक ठिपका पडला तरी तेच."

काकूंनी पैसे घेतले, झाड तोडायचा हट्ट सोडला आणि त्या वर्षीपुरते झाडावरचे सगळे फळ त्याच दिवशी उतरवायला लावले. मी ते उतरवले. कच्चे, लाल, काळे, सगळे.

पुढच्या पौषात मी स्वतः कोयती घेऊन झाड कमरेएवढे छाटले आणि पाला गाईला घातला. फळ धरले तशी चिंता लागली की पाखरे कशी अडवायची. बुजगावणे केले तर साळुंक्या त्याच्या डोक्यावर बसून खात. भाजीवालीला मी विचारले. ती म्हणाली, "आमच्या भावजीचं जुनं जाळं हाय. फाटलंय थोडं. आणतंय."

तिने आणलेले जाळे म्हणजे मासे धरायचे जाळे. ऐनाच्या झाडाच्या सालीत रंगवलेले, लालसर, आणि किती धुतले तरी वास मारणारे. सासूबाई ओटीवरून ओरडल्या, "अगो अगो! ब्राह्मणाच्या परसात माशाचं जाळं? आता मासळी तेवढी देवघरात ठेवायची राहिली!"

मी जाळे हातात धरून उभी राहिले. म्हटले, "पलीकडे ठिपका पडता नये म्हणालात. दुसरं काही असेल तर सांगा."

 विचार करून त्यांनी नियम घातला. जाळे विहिरीच्या अलीकडे येता कामा नये, आणि त्याला जो शिवेल त्याने अंगावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाही. शिवणार मी एकटी. पहाटे जाळ्याखाली शिरायचे, फळे तोडायची, विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचे, मग चूल. दोन उन्हाळे माझे केस कधी पुरते वाळले नाहीत. अंबाड्यात पाणी राहून मान धरायची. पण नियम मी एकदाही मोडला नाही, कारण मोडला असता तर बोलायला जागा झाली असती.

एक फायदा मात्र कुणाच्या ध्यानात नव्हता. त्या वासाने आळीतली सगळी मांजरे येऊन झाडाखाली बसू लागली. मासा मिळेल म्हणून बिचारी जाळ्याकडे टक लावून असत. त्यांना मासा मिळाला नाही, पण पाखरे गडग्यावरसुद्धा बसेनाशी झाली.

फळ वाचले. आता विकायचे कसे? आमच्यासारख्या घरातून फळे विकायची रीत नव्हती. आंबा असो, नारळ असो, घरचे घरात नाहीतर शेजारी. विकणार तो बागायतदार, तेही गड्यामार्फत. मी भाजीवालीशी बोलले. तिने फळ हातात घेऊन उलटेपालटे केले.

"वयनी, ही फळं का सुरवंटं वो?"

"खाऊन तर बघ."

"सुरवंट खाऊन बघू?" तिने डोळे मिटून तोंडात टाकले. मग डोळे उघडून आणखी चार घेतली. "बंदरावर नेतंय," म्हणाली. "मुंबयच्या बोटीला मानसं तासन् तास बसून असतात. चार द्रोणांतला एक द्रोण माजा."

पहिल्या दिवशी मी पाटीभर दिली. तासाभराने ती परत आली, तर कपाळावरून, गालांवरून, मानेवरून जांभळे ओघळ. पाटीत खाली सगळा लगदा झाला होता.

"बघा माजं डोस्कं! वाटंत तिघांनी इचारलान, नवऱ्यानं फोडलान काय गो?"

मला हसूही आले आणि रडूही. पण शिकायला झाले. दुसऱ्या दिवसापासून मी देठासकट तोडू लागले, ऊन यायच्या आधी, एकावर एक न रचता. फणसाच्या पानांचे द्रोण रात्रीच टोचून ठेवायचे आणि प्रत्येकात एकच थर. पुरती काळी झालेली घरात ठेवायची, काळपट लाल तेवढी पाठवायची, म्हणजे बंदरावर पोचेपर्यंत टिकत. आणि तीच आंबटगोड फळे तिथे चालली. पडावातून बोटीवर जाताना आणि पुढे मुंबईपर्यंत लोकांना बोट लागते. पोटात ढवळते तेव्हा जिभेखाली आंबट बरे वाटते. भाजीवालीने ओरडायलाही शोधून काढले, "घ्या काळी फळं, बोट लागायची नाय!" अर्ध्या आण्याला द्रोण. काही लोक सुरवंट म्हणून नाक मुरडत, पण बोटीची भीती नाकापेक्षा मोठी असते.

पहिल्या उन्हाळ्यात चार रुपयांवर पैसे जमले. ते मी सासूबाईंच्या हातात ठेवले. त्या म्हणाल्या, "बरं," आणि ट्रंकेत टाकले.

दुसऱ्या उन्हाळ्यात बोलणे ऐकावे लागले. काकू गडग्यापलीकडून आमच्या कानावर जाईल अशा बेताने कुणाला तरी सांगत, "आमच्या शेजारी बाजार बसतो हो. जाळी काय, पाट्या काय. उद्या सुकट मागितलीत तर तीही मिळेल." मी भांडी घासत असे. राखेचा हात थांबवत नसे.

यांना मात्र ते लागले. एके दिवशी कचेरीतून आले ते पगडी उतरवायच्या आधीच म्हणाले, "आज एका वकिलाने विचारलं, तुमच्याकडची फळं बंदरावर असतात म्हणे. सगळे हसले. बास झालं. राहिलेले पैसे मी पगारातून देतो."

मी म्हटले, "देऊ नये."

"का म्हणून?"

"झाड माझं, शब्द माझा. इकडून पैसे दिले तर झाड इकडचं होईल. मग पुढल्या वर्षी वकील हसले की तोडलं जाईल."

हे मग पगडी खुंटीला लावून म्हणाले, "त्या वकिलाला एक द्रोण फुकट पाठवावा काय? तोंड आंबट करून बसेल."

"फुकट नाही," मी म्हटले. "अर्धा आणा."

वकिलाने तो घेतला. नंतर आठवड्यातून दोनदा त्यांचा शिपाई येई. मी दाराआडून द्रोण सरकवत असे आणि तो उंबऱ्यावर पैसे ठेवत असे.

वैशाख संपत आला, बोटी बंद व्हायच्या बेतात आल्या. शेवटची बोट गेली त्या दिवशी भाजीवालीने दिलेले पैसे मिळवून माझी बेरीज पुरी होत होती. मी ते सासूबाईंपुढे पाटावर मांडले. त्या एकेक नाणे दगडी उंबऱ्यावर टाकून वाजवून घेत. एक पावली पडली ती बद्द आवाज करून बसली. त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा बद्द. शिशाची होती, कुणीतरी बोटीच्या गडबडीत भाजीवालीच्या हातावर ठेवलेली.

"जाऊ दे गो," सासूबाई म्हणाल्या. "चार आण्यांचं काय एवढं? तू केलंस ते पुष्कळ केलंस. फिटले समज."

तेवढे गोड त्या माझ्याशी क्वचितच बोलत. पण मी म्हटले, "नाही. देवाचे पैसे आहेत. पुरे देईन. मिरगाला अजून दिवस आहेत."

म्हटले खरे. बोटी बंद, बंदर ओस, वकील सुटीत गावी. झाडाच्या आतल्या फांद्यांवर शेवटची फळे होती, आठेक द्रोण होतील एवढीच. आकाश भरून येऊ लागले होते. एक जोराची सर आली की तीही गळणार. घ्यायला कुणी नाही.

त्याच दिवसांत काकूंची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. विहिरीवर मला तिच्या ओकाऱ्या ऐकू येत. तिच्या पोटात काही ठरत नव्हते. एका दुपारी ती गडग्यापाशी येऊन उभी राहिली. काकू घरात होत्या. तिने झाडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि आत गेली.

डोहाळकरणीने नजर टाकलेली वस्तू तिला दिल्यावाचून राहायचे नाही, आणि तिच्याकडून तिचे मोल घ्यायचे नाही, हे आमच्याकडे मुलीला बोलता येऊ लागल्यापासून सांगतात. माझ्याजवळ ती शेवटची फळे. चार आणे यायचे असते तर त्यातूनच यायचे होते. मी जाळे काढले. काळी, लाल, होती तेवढी सगळी तोडली. अंगावर पाणी घेतले, ओल्या लुगड्यानेच एका पितळी वाडग्यात फळे भरली आणि पहिल्यांदा आपण होऊन काकूंच्या मागीलदारी गेले.

"काकू, हिच्यासाठी आणलीत."

काकूंनी वाडगा घेतला. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी परत आले.

शेजारून आलेले भांडे रिकामे परतवत नाहीत. साखर घालतात, चार पोहे घालतात, काही नसेल तर तुळशीचे पान. दुसऱ्या दिवशी वाडगा गडग्यावर ठेवलेला दिसला. काकू पलीकडे धुणे वाळत घालत होत्या, पाठ माझ्याकडे. वाडग्यात एक पावली होती.

मी ती बघत उभी राहिले. वानवळ्याच्या भांड्यात कुणी नाणे घालीत नाही. घातले तर तो अपमान. तुझे फुकट आम्हाला नको, असे त्यांना म्हणायचे असेल. नाहीतर सासूबाई कुठे बोलल्या असतील आणि शिशाच्या पावलीची गोष्ट त्यांच्या कानी गेली असेल. मला कळेना, आणि विचारायची माझी छाती नव्हती. पूर्वीची मी असते तर वाडगा तिथेच ठेवून घरात पळाले असते. डोहाळकरणीला द्यायचे ते मी देऊन चुकले होते, मागितले काही नव्हते. मी पावली उचलली.

काकू न वळता म्हणाल्या, "काल रात्री जेवली हो ती. आणि ते पोटात राहिलं."

"आणखी नाहीत काकू, हंगाम संपला," मी म्हटले.

"माहीत आहे. बघत होते मी."

मी घरात आले. सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या. मी पावली त्यांच्या पुढ्यात उंबऱ्यावर टाकली. खणकन वाजली. त्यांनी वाती बाजूला ठेवल्या, आत जाऊन ट्रंकेतले बाकीचे पैसे आणले, पदरात घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत परत मोजले, देवाचे पैसे मोजायचे तसे, ओठ हलवीत. मी समोर उभी होते.

"पुरे नऊ," त्या म्हणाल्या. "फिटले."